ट्रोलिंग मोटर निवडताना: रेटा किती, वजन किती, आणि हिशोब कसा मांडायचा

नाशिककडच्या गंगापूर, दारणा, मुकणे किंवा अप्पर वैतरणा धरणाच्या पाण्यावर मासेमारीच्या होडीला इलेक्ट्रिक मोटर, म्हणजे ट्रोलिंग मोटर, लावायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास असतो, "किती एलबीएसची, म्हणजे किती पौंडांची घेऊ?" दुसरा, "मोटर जड तर नाही ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्ही चुकीच्या टोकाने सुरू होतात. मोटरचं वजन आणि मोटरचा रेटा समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही. पाण्यावर चालते ती भरलेली होडी. तिच्यात माणसं, जाळी, मासळी आणि बॅटरी असते, समोरून वारा असतो. हिशोब त्या सगळ्याचा मांडायचा.

आधी एककाचा गोंधळ मिटवू. हे यंत्र अमेरिकेतलं. या मोटरी बनवणारी मिन कोटा ही कंपनी १९३४ मध्ये तिथल्या फार्गो गावात सुरू झाली, आणि या मोटरींचा थ्रस्ट, म्हणजे रेटा, पौंडातच लिहिला जातो. आपल्याला किलो कळतात. एक पौंड म्हणजे ०.४५४ किलो. तेव्हा ३० पौंडांची मोटर साधारण १३.६ किलोचा रेटा देते, ४५ पौंडांची २०.४ किलोचा, ५५ पौंडांची २५ किलोचा आणि ८० पौंडांची ३६.३ किलोचा. होडी दोरीने बांधून मोटर पूर्ण वेगात सोडली तर दोरीला जेवढा ताण बसेल, तेवढा हा आकडा. म्हणजे तो उभ्या होडीचा आकडा आहे. होडी चालू लागली की पंख्याकडे पाणी आधीच पळत येतं आणि रेटा कमी होत जातो. म्हणून पौंडावरून वेग काढता येत नाही, आणि पौंडावरून हॉर्सपॉवर काढणाऱ्या विक्रेत्याचं तर ऐकूच नये.

वेगाबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. रेटा दुप्पट केला तर वेग दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपटीच्या आत राहतो. ३० पौंडांवर ताशी ५ किलोमीटर चालणारी होडी ५५ पौंडांवर ७ च्या आतच राहील. शिवाय १२ फूट पाणरेषा असलेल्या साध्या होडीला ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास स्वतःच्याच लाटेची भिंत आडवी येते. त्यापुढे ट्रोलिंग मोटर तिला नेऊ शकत नाही. तेव्हा जास्त रेटा वेगासाठी घ्यायचा नसतो. तो घ्यायचा वाऱ्यासाठी, वजनासाठी आणि मोटर निम्म्यावर चालवून बॅटरी वाचवण्यासाठी.

भरलेल्या होडीचं वजन

जुना नियम असा: दर १०० पौंड वजनामागे २ पौंड रेटा. किलोत तो आणखी सोपा होतो. भरलेल्या होडीच्या वजनाच्या २ टक्के रेटा हवा. एवढ्यात स्थिर पाण्यावर होडी नीट चालते आणि वळते.

एक उदाहरण घेऊ. १४ फुटी फायबरची होडी १५० किलो. दोन माणसं १४० किलो. जाळी, क्रेट, दोर मिळून ३० किलो. बरा दिवस असेल तर कटला-रोहू ६० किलो. बॅटरी ५५ किलो, मोटर ९ किलो. बेरीज ४४४ किलो. त्याचे २ टक्के म्हणजे ८.९ किलो, पौंडात २० च्या आसपास. कागदावर ३० पौंडांची मोटर पुरून उरते, आणि बहुतेक जण इथेच थांबून ३० ची मोटर घेऊन येतात.

मग वारा सुटतो. वाऱ्याचा दाब काढायला होडी आणि बसलेली माणसं मिळून समोरून किती क्षेत्र दिसतं ते धरायचं. दोन माणसांच्या उघड्या होडीला साधारण दीड चौरस मीटर. ताशी २० किलोमीटर वाऱ्याला एवढ्या क्षेत्रावर पावणेतीन-तीन किलोचा दाब येतो, ३० किलोमीटरला साडेसहा किलोच्या जवळ, आणि ४० किलोमीटरला सव्वाअकरा किलो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. होडी आडवी फिरली तर क्षेत्र दुप्पट, दाबही दुप्पट. म्हणजे ४० च्या झोतात आडव्या सापडलेल्या होडीवर बावीस किलोच्या पुढे. ३० पौंडांच्या मोटरचा सगळा रेटा तेरा-साडेतेरा किलो आहे.

मे महिन्यात वळवाचं आभाळ दाटलं की धरणाच्या उघड्या पाण्यावर असे झोत काही मिनिटांत येतात. जून-जुलैचा वारा तर दिवसभर हटत नाही. म्हणून २ टक्क्यांचे ८.९ किलो आणि ४० च्या वाऱ्याचे ११.३ किलो अशी बेरीज करा. २०.२ किलो येतात, म्हणजे ४५ पौंड. वरच्या होडीला ४५ पौंड ही कमीत कमी मोटर झाली, आणि ५५ ची घेतली तर चूक नाही. वैतरणाच्या एखाद्या आडोशाच्या खाडीत, एकट्याने, सकाळी दोन तास गळ टाकायचा असेल तर ३० चालते. दोघे जाळं ओढणार असतील तर नाही.

मोटरचं वजन सोडा, बॅटरीचं धरा

१२ व्होल्टच्या, मागच्या फळीला क्लॅम्पने लागणाऱ्या मोटरी साधारण ६ ते १२ किलोच्या असतात. ३० आणि ५५ पौंडांतला फरक तीन-चार किलोंचा. या फरकासाठी लहान मोटर घेण्यात काही अर्थ नाही. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर बसवायच्या, जीपीएसने एका जागी होडी धरून ठेवणाऱ्या मोटरी याहून कितीतरी जड असतात, पण आपल्याकडच्या जाळ्याच्या होडीला त्यांची गरज क्वचितच पडते.

वजनाची खरी पायरी लागते ती ५५ पौंडांच्या पुढे. १२ व्होल्टवर ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. त्याहून जास्त रेटा १२ व्होल्टवर काढायचा तर वायर आणि जोड तापू लागतात. म्हणून ७०-८० पौंडांच्या मोटरी २४ व्होल्टच्या आणि १०० च्या पुढच्या ३६ व्होल्टच्या असतात. ५५ वरून ८० वर जाताना मोटरचं वजन वाढतं चार-सहा किलो, पण एक अख्खी बॅटरी जास्त लागते. ती घरच्या इन्व्हर्टरची, अॅसिडची ट्यूबलर असेल तर वाढ साठ किलोंच्या घरात गेली.

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) उंच ट्यूबलर बॅटरी अॅसिडसह ५० ते ६० किलो भरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट १०० एएचची बॅटरी १० ते १३ किलो. फरक चाळीस-पंचेचाळीस किलो. २ टक्क्यांच्या नियमाने बघितलं तर रेट्यात हा फरक जेमतेम ०.९ किलोचा, आणि तेवढ्यासाठी कुणी लिथियम घेऊ नये. फरक दुसरीकडे पडतो. होडीची भारवाहक क्षमता ठरलेली असते, तेव्हा बॅटरीचे पंचेचाळीस किलो म्हणजे तेवढी मासळी कमी. आणि एप्रिल-मे मध्ये धरणाचं पाणी मागे हटलं की जीप थांबते तिथून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालत जावं लागतं. पंचावन्न किलोची बॅटरी दोघांना मिळून न्यावी लागते, ती वाटेत कलंडली की अॅसिड सांडतं. बारा किलोची बॅटरी एकटा माणूस खांद्यावरच्या पिशवीत नेतो. जिथे होडी वर्षभर काठालाच असते आणि गाडी पाण्यापर्यंत जाते, तिथे ट्यूबलर अजूनही परवडणारी आणि खात्रीची आहे.

एएचच्या आकड्यातही गोम आहे. ट्यूबलरवरचे १५० एएच हे २० तासांत सावकाश काढले तर मिळतात, म्हणजे साडेसात अँपिअरने. ४५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात ४२ अँपिअरच्या आसपास ओढते. एवढ्या वेगाने काढले तर १५० पैकी सुमारे १०० च हाती येतात, आणि बॅटरी टिकवायची तर तेही तळापर्यंत उपसायचे नाहीत. पूर्ण वेगात दीड तासाच्या वर भरवसा ठेवू नका. लिथियमच्या १०० एएचपैकी ९० वापरता येतात, तेव्हा त्याच मोटरवर दोन तास मिळतात. लेबलवर १५० आणि १०० लिहिलेलं असताना होडीत उलटं घडतं, ते यामुळे. गाडीची स्टार्टरची बॅटरी मात्र लावू नका. तिच्या पातळ प्लेटा थोडा वेळ जोराचा करंट द्यायला बनवलेल्या असतात, खोल उपशाने थोड्याच फेऱ्यांत बसतात.

निम्म्या रेट्यावर काय होतं

निम्मा रेटा काढायला निम्मा नव्हे, साधारण एक तृतीयांश करंट लागतो. पंख्याचा हा स्वभावच आहे: रेटा वाढवत नेला की वीज त्याहून भरभर वाढते. ५५ ची मोटर २५-२७ पौंडांवर चालवली तर १५-१७ अँपिअरच्या आसपास ओढते. तेवढ्याच रेट्यासाठी ३० ची मोटर जवळजवळ पूर्ण ताणून चालवावी लागते आणि ती पंचवीसच्या पुढे जाते. म्हणून मोठी मोटर सावकाश चालवणं बॅटरीला स्वस्त पडतं.

पण याला एक अट आहे. मोटरमध्ये पल्सवर चालणारा, म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर हवा. हँडल फिरवलं की वेग सलग वाढतो तो हा. स्वस्त मोटरीत पुढे पाच आणि मागे तीन असे टप्पे असतात. त्यात कमी वेगासाठी वीज कॉइलमधून जाते आणि त्या कॉइलमध्ये उष्णता होऊन वाया जाते. वेग कमी झाला तरी बॅटरी त्या मानाने वाचत नाही. दिवसभर हळू चालवायचं असेल तर टप्प्यांची ५५ घेण्यापेक्षा सलग वेगाची ४५ चांगली.

लेबल खरं का खोटं

ऑनलाइन १२ व्होल्टवर ८० च्या पुढचे पौंड लिहिलेल्या मोटरी दिसतात. त्यांची झडती घ्यायला एकच भागाकार पुरतो. पौंडांचे ग्रॅम करा आणि त्याला वॉटने भागा. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले पूर्ण वेगाचे अँपिअर. ३० पौंड, ३० अँपिअर: १३६०० भागिले ३६०, उत्तर ३८. ४५ पौंड, ४२ अँपिअर: २०४०० भागिले ५०४, उत्तर ४०. ५५ पौंड, ५० अँपिअर: २५००० भागिले ६००, उत्तर ४२. चांगल्या १२ व्होल्ट मोटरी या ३५ ते ४५ च्या पट्ट्यात बसतात. २४ व्होल्टच्या ८० पौंडवाल्या मोटरीचं उत्तर २७ च्या आसपास येतं, कारण जास्त रेट्याला वॉट जास्तच लागतात. आता १२ व्होल्ट, ५८ अँपिअर आणि ८६ पौंड अशी जाहिरात असेल तर उत्तर येतं ५६. दहा-अकरा इंची पंखा एवढ्या विजेत एवढा रेटा देऊच शकत नाही. मोटर कदाचित बरी असेल, पण ती ५५-६० ची आहे असं धरून किंमत ठरवा. जाहिरातीत अँपिअरच दिलेले नसतील तर विचारा. उत्तर मिळालं नाही तर सोडून द्या.

हुकाच्या काट्याने रेटा मोजणं

मोटर घेतल्यावर, आणि पुढे दर हंगामाच्या सुरुवातीला, हे एकदा करावंच. कांद्याच्या गोण्या तोलायचा ५० किलोचा डिजिटल हुकाचा काटा निफाड-लासलगावकडे बहुतेक शेतकऱ्यांकडे असतो. तो आडवा धरला तरी ताण बरोबर दाखवतो.

वारा नसलेली सकाळ निवडा. पाणी किमान चार फूट खोल हवं. होडीच्या मागच्या कडीपासून काठावरच्या झाडाला किंवा पक्क्या खुंटीला दहा मीटर दोर बांधा आणि मध्ये काटा अडकवा. दोर आखूड ठेवलात तर पंख्याने मागे फेकलेलं पाणी काठावर आपटून परत होडीला ढकलतं आणि आकडा चुकतो. दोर पाण्याला समांतर राहिला पाहिजे. काटा आडवा लोंबत असतानाच शून्य करून घ्या. मोटर हळूहळू पूर्ण वेगात न्या, वीस सेकंद थांबा आणि आकडा वाचा. पहिल्या हिसक्याला जो मोठा आकडा चमकतो तो होडीच्या वजनाचा झटका असतो, तो धरायचा नाही. होडी डावी-उजवीकडे झुलत असेल तर मधला आकडा घ्या. त्याच वेळी दुसऱ्याने मल्टिमीटरने मोटरच्या वायरवरचा व्होल्टेज आणि क्लॅम्प मीटरने करंट टिपावा. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. घरच्या वायरमनचा साधा मीटर फक्त एसी मोजतो आणि इथे शून्य दाखवतो.

५५ पौंडांच्या मोटरवर काटा २० ते २३ किलो दाखवत असेल तर मोटर चांगली आहे. १७ च्या खाली आला तर कारण शोधा. व्होल्टेज ११.५ च्या खाली घसरत असेल तर दोष बॅटरीचा किंवा वायरचा. व्होल्टेज ठीक, करंट कमी आणि रेटाही कमी असेल तर ब्रश झिजलेत किंवा कंट्रोलर पूर्ण उघडत नाही. करंट पूर्ण आणि रेटा कमी असेल तर पंखा बघा: पातं तुटलेलं असेल, शेवाळ गुंडाळलेलं असेल, किंवा मोटर वर राहून हवा ओढत असेल. याच कसोटीत लिथियम आणि ट्यूबलरचा आणखी एक फरक दिसतो. भाराखाली लिथियम १२.८ च्या आसपास टिकून राहतं, ट्यूबलर ११.५ कडे घसरते, आणि त्याच मोटरचा रेटा १० ते २० टक्के कमी भरतो.

आलेले तीन आकडे आणि तारीख मोटरच्या डोक्याखाली पक्क्या मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुलनेला तेच कामाला येतात.

वायर, ब्रेकर, जोड

सर्वांत जास्त रेटा इथे वाया जातो आणि कुणाचं लक्ष नसतं. बॅटरी मोटरपासून ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर वायर होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ३० अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. १० चौरस मिलिमीटरमध्ये ०.३. पन्नास अँपिअरच्या मोटरला १६ चौरस मिलिमीटर घ्या. वेल्डिंगची केबल लवचीक असते आणि छान चालते, मात्र कापून आतली तार खरवडून बघा. वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरं दिसलं तर ती अॅल्युमिनियमची आहे, घेऊ नका.

बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतरात डीसी ब्रेकर हवा. ३० ते ५५ पौंडांच्या मोटरला ५० किंवा ६० अँपिअरचा पुरतो, मोटरसोबतच्या कागदावर असेल तो आकडा धरा. घरच्या बोर्डातला साधा एमसीबी इथे लावू नये. डीसीचा ठिणगीपट्टा त्यात नीट विझत नाही. लग, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, हातोडीने ठोकून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिम्पने दाबून घ्या. सातपूर-अंबडच्या कुठल्याही पॅनेलवाल्याकडे तो मिळतो आणि पाच मिनिटांचं काम आहे. बॅटरीवर झटकन लावायचे मगरीच्या जबड्यासारखे चिमटे चार्जिंगपुरते ठीक आहेत, ४० अँपिअरला ते तापतात आणि लाटेने निसटतात. प्लस-मायनस उलटं लागलं तर टप्प्यांची मोटर फक्त उलटी फिरेल, पण पीडब्ल्यूएमचा कंट्रोलर क्षणात जळू शकतो. म्हणून लाल वायरच्या लगला लाल टेप आणि बॅटरीवरही लाल रंगाचा ठिपका द्या.

लिथियम बॅटरी घरच्या ट्यूबलरच्या इन्व्हर्टरवर चार्ज करू नका. तिचा १४.४ ते १४.६ व्होल्टचा स्वतंत्र चार्जर येतो. आणि तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे व्होल्टमीटरवरून किती उरली ते कळत नाही. किती एएच खर्च झाले ते मोजणारा शंटचा मीटर लावा. नाहीतर बॅटरीतलं सुरक्षा सर्किट भर पाण्यात एकदम सगळं बंद करतं.

बसवणं आणि तोल

मोटर, बॅटरी आणि चालवणारा तिघेही मागे बसले तर नाळ वर उचलली जाते, वारा तिला पकडतो आणि होडी सतत आडवी वळू बघते. बॅटरी होडीच्या मध्याच्या थोडी पुढे, तळाशी, पट्ट्याने बांधून ठेवा. त्यासाठी वायर लांब लागते आणि म्हणूनच जाड लागते. होडीच्या तोलासाठी हा खर्च केलाच पाहिजे.

पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली किमान २० ते ३० सेंटिमीटर राहावं. होडी भरलेली असतानाच हे बघा, कारण रिकामी होडी वर तरंगते. मागची फळी उंच असेल तर मोटरचा ३० इंची उभा दांडा अपुरा पडतो, ३६ इंची लागतो. फायबरच्या पातळ फळीवर क्लॅम्प थेट आवळला की महिन्याभरात बारीक तडे दिसतात. आतून-बाहेरून मिळून २५ मिलिमीटर मरीन प्लाय लावा, बोल्ट स्टेनलेसचे. आणि मोटरला होडीशी वेगळी दोरी बांधून ठेवा, क्लॅम्प सैल होऊन मोटर तळाला गेल्यावर ती परत येत नाही.

थर्माकोलच्या तराफ्याला मोटर लावायला फळीच नसते, लाकडी चौकट बांधून बघणाऱ्यांना तराफा मोडल्यावरच ते कळतं. तिथे मोटर नकोच. आणि शेततळ्यात खत-खाद्य टाकायला छोटी होडी फिरवणाऱ्यांनी पंख्याची खोली नेहमीपेक्षा काळजीने ठरवावी. उतारावरचा प्लास्टिकचा कागद एकदा पात्यात आला की तळं रिकामं करूनच जोडावा लागतो.

बिघाड आणि त्यांची कारणं

नाशिकच्या खालच्या गोदावरीत पाणवेली हा रोजचा शत्रू आहे. मुळांचा झुपका पंख्यात आला की करंट चढतो, मोटर गुरगुरते आणि ब्रेकर पडतो. पुन्हा पुन्हा ब्रेकर चढवून जोर लावू नका. दोन सेकंद उलट फिरवा, मग बंद करून मोटर वर उचला आणि हाताने सोडवा. पाती मागे झुकलेला, वेलीला कापत जाणारा पंखा या पाण्यात जास्त चालतो, रेटा किंचित कमी देतो तरी. नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला जाताना ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही आहे, हे ध्यानात ठेवा. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे होडी उतरवू नये. धरणांवरही मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे तिला आधी विचारावं.

वेलीपेक्षा घातक असतो तो नायलॉनचा धागा. फाटक्या जाळ्याचा बारीक तंगूस पंख्याच्या मागे, पंखा फिरवणाऱ्या दांड्याभोवती गुंडाळला जातो, बाहेरून दिसत नाही, आणि रबरी सील कापत आत शिरतो. मग पाणी आत जातं, ब्रशचा कोळसा चिखलासारखा होतो, बेअरिंग गंजतं. म्हणून महिन्यातून एकदा पंखा काढाच. आधी बॅटरी सोडवा. एक पातं हाताने धरून नट पान्याने सैल करा. पंखा दांड्याला अडकवणारी आडवी पिन तुटली असेल तर दांडा हातात येत नाही, सोबत फिरतो. तेव्हा त्याच्या टोकाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचं पातं रोवून धरा. पंखा सरळ ओढून काढा, आडवी पिन हरवू नका. मागच्या खोबणीत बोट फिरवा. केसासारखं काही लागलं तर चिमट्याने सगळं सोडवा, ब्लेडने कापू नका, सील तिथेच असतं. परत बसवताना पिन आडवी करून पंख्याच्या खाचेत नीट बसली का बघा, नट हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा द्या. जास्त आवळलं तर पंख्याचं प्लास्टिक तडकतं.

पिन तुटते ती मोटर वाचवण्यासाठी. धरणाच्या पोटात बुडालेल्या झाडांची खोडं आणि खडक असतात, उन्हाळ्यात ते पृष्ठभागाजवळ येतात. धडक बसली की पिन जाते, आणि मोटर नुसतीच भणभणते, होडी हलत नाही. दोन जादा पिना, एक नट आणि बसेल तो पाना डब्यात असू द्या. पिनेच्या जागी खिळा किंवा ड्रिलचा कडक तुकडा घालणारे पुढच्या धडकेत दांडा वाकवून घेतात, आणि वाकलेला दांडा सील खातो. लेथवाल्याकडून पिन करून घेताना मूळ पिन दाखवा, तिच्याच जाडीची आणि तशाच धातूची.

टप्प्यांची मोटर फक्त पाचव्या वेगावर चालते आणि बाकी टप्पे मुके झाले, तर वेगाची कॉइल जळली आहे. बॅटरी बदलून काही होणार नाही. हँडलजवळ वायर गरम लागत असेल तर जोड ढिला आहे, वेग कमी करून काठाला या आणि लग पुन्हा दाबून घ्या. मोटर पाण्याबाहेर काढून "फिरते का बघू" म्हणून चालवत राहू नका. मोटरच्या पाण्यातल्या खालच्या गोळ्याला गार ठेवायला फक्त भोवतालचं पाणी असतं.

वल्हं आणि लाइफ जॅकेट होडीत नेहमी ठेवा, मोटर नवी कोरी असली तरी. आणि घाटावर परतताना मोटर वर उचलण्याआधी ब्रेकर पाडा. हँडलला जाळ्याचा दोर अडकून वेग चढला तर उघडा पंखा आधी बोटांनाच लागतो.